पोटातली खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती, तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मला विचारू नका.

माझं अर्धं पोट कापलेलं आहे. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा. दुर्बीण घालून तुकडा काढला, रक्तही तपासायला दिल्लीला पाठवलं. मग डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं — गाठ दिसायच्या कितीतरी आधी रक्तात एक खूण सापडते, तुमच्यात ती आहे, वडिलांकडून आलेली. "बाबूजी, भाई को ज़रूर बताइए. उनकी भी जाँच हो जाए, तो बच जाएँगे." मी मान हलवली.

भाऊ म्हणजे वसंता, माझ्याहून धाकटा. वडील पोटाच्याच दुखण्यानं गेले, तेव्हा मी गोरखीची शाळा सोडली आणि दौलतगंजातल्या दुकानात किराण्याच्या पुड्या बांधायला बसलो. त्या पुड्यांवर तो शिकला, साहेब झाला. आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात, व्याह्यांसमोर — काय म्हणाला असेल? "दादाला नका विचारू. अंगठाबहाद्दर आहे तो, त्याला काय कळतंय." सगळे हसले. तोही हसला.

त्यानंतर मी त्याची पायरी चढलो नाही. तो मात्र यायचा, वर्षातून एकदा, वडिलांच्या श्राद्धाला. आमच्यात श्राद्ध थोरल्याकडे. कितीही वाकडं असलं तरी धाकट्यानं येऊन पानावर बसायचं.

माझ्या ऑपरेशननंतरच्या श्राद्धाला — ऑपरेशन अल्सरचं, एवढंच मी सगळ्यांना सांगितलं होतं — वसंता अर्ध्या पानावरच थांबला. "पोट लगेच भरतं रे दादा हल्ली," म्हणाला. माझंही असंच सुरू झालं होतं, अगदी असंच. तेव्हा तरी माझी जीभ हलली असेल, असं वाटतं तुम्हाला? वाढायला मीच होतो. त्याच्या पानात आणखी एक वडा टाकला. म्हटलं, "खा की साहेब, बापाच्या नावाचं आहे." आणि मनात — मला काय कळतंय, नाही का?

बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

त्याचं दुखणं सापडलं तेव्हा सगळीकडे पसरलेलं होतं. पुढच्या श्राद्धाला तो नव्हता.

त्याच्या डॉक्टरांनी मुलीचं रक्त तपासलं. तिच्यात ती खूण नाही. तेराव्याला ती माझ्याजवळ येऊन बसली. "काका, हे खानदानी असतं म्हणे. तुम्हाला पता होतं का?"

"मी अडाणी माणूस गं. मला काय कळणार."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "हो ना काका. तुम्हाला कसं कळणार."

बापाचीच पोर. मायेनं बोलली, तरी तेच बोलली — आणि माझं डोकं असं तापलं, की खरं ओठावर आलं होतं. गिळलं. ते इथे ठेवतो.

मला सगळं कळलं होतं. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द, पहिल्याच दिवशी.