आतोबांचा दाब आणि प्रवाह

माझ्या आतोबांइतका विजेवर जीव लावलेला माणूस अख्ख्या वसई-विरारमध्ये दुसरा सापडणार नाही, आणि विजेनं इतका अंत पाहिलेला तर नाहीच नाही! नव्वदच्या दशकात बोळिंजला राहायचं, वर विजेवर प्रेम करायचं, म्हणजे रुसलेल्या माणसाशी संसार करण्यासारखंच होतं. दुसऱ्यांच्या खिशात पेन असायचं, यांच्या खिशात वीज मोजायचा मीटर. कुणाकडे गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी प्लगमध्ये मीटरच्या तारा खुपसून हे त्या घरची तब्येत विचारणार! एकदा मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. टॉवेल गुंडाळून गरम पाण्याची वाट बघत कुडकुडत उभा, आणि हे गीझरपुढे आनंदानं नाचताहेत. "एकशे ऐंशी व्होल्ट, साडेसात अँपिअर! भाग दे, भाग दे! रोध आला चोवीस ओहम, म्हणजे गीझर ठणठणीत आहे. आता गुणाकार कर. साडेतेराशे वॅट! अरे, दोन हजारांचा गडी साडेतेराशेवर आलाय. गीझर बरा आहे रे, विजेलाच अशक्तपणा आलाय!" आत्या आतून ओरडली, "त्याला आंघोळ करू द्या आधी!"

पण या वेडाची खरी कसोटी लागली ती त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात. लग्न गिरीजला, व्याह्यांच्या वाडीत होतं. गोरज मुहूर्त, वर नारळाच्या वाळक्या झावळ्यांचा मांडव आणि त्यात व्हिडिओवाल्याचे भलेमोठे दिवे. घरापासून मांडवापर्यंत एकच लांब, जोड दिलेली वायर. नव्या कोऱ्या कोटातून आतोबांनी मीटर काढलाच! घराच्या बोर्डापाशी दोनशे दहा व्होल्ट, मांडवात एकशे ऐंशी. वायरीतून जात होते पंधरा अँपिअर.

"तीस व्होल्ट वाटेतच गळताहेत!" ते ओरडत सुटले. "तीस भागिले पंधरा, दोन ओहम. तीस गुणिले पंधरा, साडेचारशे वॅट! अहो, त्या वायरीत शेगडी पेटली आहे शेगडी!"

"काय भरल्या मांडवात बोलता! आमच्या वाडीत आजवर ठिनगी पडली नाय," व्याही भडकले. वऱ्हाडी हसले. भटजींनी अंतरपाट धरला.

आतोबा धावत घरात गेले आणि मेन स्विच खाली ओढला. मांडवात संधिप्रकाश पसरला. व्हिडिओवाला मागोमाग धावला, "काका, पाचच मिनिटं!" आतोबा बोर्डाला पाठ लावून उभे राहिले ते हललेच नाहीत. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली. कुणीतरी कंदील आणले. एवढ्यात नवऱ्यामुलाच्या भावानं मांडवावरची वायर ओढून बघितली आणि चटका बसून हात झटकला. जोडावरची पट्टी वितळून खालची झावळी काळी पडली होती.

माळा घालून झाल्यावर नवरी आपल्या बापाला शोधत घरात आली. तेव्हाही ते तसेच उभे होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं बाबा. तुम्ही अक्षता नाही टाकल्यात."

तिनं आपल्या केसांत अडकलेले चार तांदूळ काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. आतोबांनी ते तिच्या डोक्यावर टाकले आणि हात तिथेच ठेवून उभे राहिले. बाहेर पंगतीची हाक आली, तरी दोघांपैकी कुणीच हललं नाही.