ब्रेकमधली हवा

समस्त गल्लीला अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, रविवारी सकाळी आमच्या अंगणात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पन्नास वर्षांच्या मोटारीवर मोठी शस्त्रक्रिया झाली. ब्रेकचे गंजलेले पाइप मी बदलले. एकदा तरी स्वतः चालवत गावी जायचं, हा अण्णांचा हट्ट होता.

आता पाइपातली हवा तेवढी काढायची राहिली होती. हे काम दोघांचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं होऊन नट सैल करायचा, म्हणजे ब्रेकच्या तेलाबरोबर हवा बाहेर पडते. पेडल मध्येच सुटलं, की हवा परत आत शिरते.

“अण्णा, धरून ठेवा!”

“तुझ्या जन्माआधीपासून धरतोय!”

तरी तेलात बुडबुडे येतच राहिले. मी नव्या पाइपांना शिव्या घातल्या, सगळे जोड पुन्हा आवळले. माणूस दोष शोधायला निघाला की आधी लोखंडाकडे पाहतो, कारण लोखंड बाजारात नवं मिळतं.

शेवटी उठून गाडीत डोकावलो. अण्णा दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली रेटत होते, आणि तरीही पाऊल हळूहळू वर येत होतं.

मला पाहताच ते म्हणाले, “गाडी विकून टाक रे, विन्या.”