सकाळचा अर्धा पेला

कटर मास्तरांचा सकाळी सातचा हात बायकोखेरीज कुणी पाहिला नव्हता. शिवणकामाच्या दुकानात लोकांना दिसायचा तो नऊनंतरचा. खडू फिरवला की रेघ सरळ, कात्री चालवली की सुताचाही फरक नाही. हाच हात सातला चहाचा कप धरू शकत नाही, हे दुकानाच्या शेठना ठाऊक होतं. पण दुभत्या गाईच्या लाथा गोड!

म्हणून बायकोच रोज बाटलीतून अर्धा पेला मोजून द्यायची. पंधरा मिनिटांत थरथर थांबायची. ज्या दारूला ती उठताबसता शिव्या घालायची, तीच एकोणीस वर्षं स्वतःच्या हातानं ओतत होती. नणंद म्हणायची, "तूच पाजतेस माझ्या भावाला." नणंदेचा नवराही प्यायचा, पण तो म्हणे फक्त पार्टीत. पार्टी आठवड्यातून पाच दिवस असायची.

लेकीचं लग्न जमत आलं होतं. रविवारी मुलाकडचे यायचे होते. गुरुवारी मास्तरांनी स्वतःच बाटली मोरीत रिकामी केली.

"पोरीच्या सासरच्यांसमोर माझ्या तोंडाला वास नको," ते म्हणाले.

बायकोचा ऊर भरून आला. मास्तरांना ताप आल्याचं शेठना कळवून तिनं आतून कडी घातली.

शुक्रवारी घामानं अंथरूण भिजलं, पोटात घास टिकेना. शनिवारी मास्तर चादरीवर बोटानं रेघा ओढायला लागले, हवेत कात्री चालवायला लागले, अस्तर कमी पडतंय म्हणून रडायला लागले. लेक घाबरली.

"आई, दवाखान्यात नेऊ या."

"दवाखान्यात? आणि लोक काय म्हणतील? उद्या ते यायचेत. विष उतरतंय गं, उतरू दे."

तिला खरंच तसं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःचा अभिमान वाटत होता.

रविवारी सकाळी मास्तरांना झटके आले, एक थांबतोय तोवर दुसरा. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दारू कधी बंद केली?

"तीन दिवस झाले," ती ताठ मानेनं म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांची दारू घरी अशी एकदम तोडायची नसते, मावशी. जीवावर बेततं. इथे आणलं असतं तर औषधं देऊन सोडवली असती."

दुपारी मास्तर गेले.

शेठ भेटायला आले, तोंडाला वास मारत होता. "थोडी द्यायची होती हो, वहिनी," म्हणून डोळे पुसले. नणंदेनं तर सरळ सांगितलं, "शेवटी तूच मारलंस त्याला." पाजली तेव्हा हीच वाईट, थांबवली तेव्हाही हीच. एकोणीस वर्षं ज्यांनी तो हात वापरून घेतला, ते सगळे धुतल्या तांदळासारखे. मुलाकडचे फिरकलेच नाहीत.

महिन्याभरानं नव्या कटरची बायको दारात आली. वयानं अगदी लहान.

"वहिनी, शेठनी पाठवलं. यांचाही हात सकाळी थरथरतो. तुम्ही किती द्यायचात?"

हिनं पायात चपला सरकवल्या. "नवऱ्याला घे. दवाखान्यात जाऊ, मी येते बरोबर."

"दवाखान्यात?" ती दोन पावलं मागे सरली. "आणि लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतात ते मला पाठ आहे," हिनं दाराला कुलूप घातलं. "वाटेत सांगते. चल."