एका काडीची रेंज

"वानखेडे साहब, यामध्ये लिहिलंय की तुमचं काम ऑब्व्हियस आहे."

आमच्या वकील जैन मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. मी माझ्या मालकांकडे, खंडेलवालजींकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

"ऑब्व्हियस म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे उघड. कोणालाही सुचेल असं."

मला पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कोणाचा कागद चुकून आला. मी तो हातात घेतला. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण माझं नाव ओळखता येतं. ते पहिल्याच पानावर होतं. मी कागद परत ठेवला.

आमचं सगळं बोलणं हिंदीत झालं. मी ते मराठीत लिहितोय. जिथे हिंदीच बरी वाटते तिथे तशीच ठेवली आहे.

मी सातवी पास. अकोला जिल्ह्यातला. रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो आणि वायरलेस मेन्टेनर होऊन जयपूरला रिटायर झालो. गार्ड आणि ड्रायव्हरचे वॉकीटॉकी दुरुस्त करायचे, ते कुठल्या किलोमीटरला ऐकू येत नाहीत ते बघायचं, हे माझं काम. रिटायर झाल्यावर विद्याधर नगरमध्ये खंडेलवालजींच्या छोट्या कारखान्यात लागलो. तेव्हा मोबाइल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते. खंडेलवालजी दुधाच्या टँकरवर बसवायची पेटी करायचे. टँकर आत्ता कुठे आहे ते ही पेटी दर पाच मिनिटांनी डेअरीला मेसेज करून कळवायची. पेटीत दोन कंपन्यांची दोन सिम. एकाची रेंज गेली की दुसरं.

अडचण अशी की पेटी रेंज जाईपर्यंत पहिल्याच सिमला धरून बसायची. गेली की मग दुसरं शोधायला दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात मेसेज बुडाला. इकडे डेअरीवाला ओरडतोय, टँकर गायब, दूध विकलं की काय.

मी म्हटलं, रेंज जायची वाट कशाला बघता? रस्त्याची यादी करा. कुठल्या किलोमीटरला कुठलं सिम चालतं ते पेटीला आधीच सांगून ठेवा. रेंजचा खड्डा यायच्या आधीच ती सिम बदलेल.

खंडेलवालजी उडालेच. म्हणाले, "वानखेडे साहब, ये तो पेटेंट की चीज़ है!" पेटंट म्हणजे सरकारचा कागद, की ही युक्ती ह्या माणसाची, वीस वर्षं दुसऱ्याने विचारल्याशिवाय वापरायची नाही. गुडगावची एक मोठी कंपनी पेटी मागत होती. पण पेटंट असेल तरच आमच्याकडून घेऊ, नाहीतर स्वतः करू, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. अर्ज खंडेलवालजींच्या फर्मचा, पण शोध लावणारा म्हणून नाव माझं. तसा नियमच आहे. उभ्या नोकरीत माझं नाव हजेरी सोडून कुठे लिहिलं गेलं नव्हतं. सुमनने, माझ्या बायकोने, ही बातमी आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत सांगितली. मी नको म्हणत होतो.

रिपोर्ट आला तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते.

तर तो रिपोर्ट. पेटंट ऑफिसात एक्झॅमिनर असतो. तो जगभरातले जुने कागद शोधतो. आमच्या अर्जावर त्याने दोन परदेशी कागद काढले होते. एकात लिहिलं होतं की रस्त्यावरच्या रेंजची नोंद ठेवता येते. दुसऱ्यात लिहिलं होतं की रेंज जायच्या आधी नेटवर्क बदलता येतं. एक्झॅमिनर म्हणत होता, दोन्ही कागद शेजारी ठेवले की ह्या धंद्यातल्या साधारण माहीतगार माणसाला तुमची युक्ती आपोआप सुचेल.

"हा साधारण माहीतगार माणूस कोण?" मी विचारलं.

"असा कोणी नसतो, अंकल. कायद्याने मानलेला माणूस आहे. त्याला धंदा सगळा येतो, पण अक्कल बेताची असते."

"मग तो मीच की."

मॅडम हसल्या. मला हसू येत नव्हतं. मी विचारलं, "मी ते परदेशी कागद बघितले नाहीत. मला इंग्रजी येत नाही. तरी मी चोर?"

"चोर नाही म्हणाला तो. उघड म्हणाला."

"माझ्या दृष्टीने तेच झालं."

खंडेलवालजी पहिल्यांदा बोलले. "मॅडम, रास्ता क्या है?"

मॅडम म्हणाल्या, उत्तर द्यायचं. हे काम सोपं नव्हतं, किती खपावं लागलं, ते दाखवू. काही जुनं लिहिलेलं आहे का? तारखांसकट?

होतं. वही होती. पण मला ती उघडायची नव्हती.

माझं अक्षर मलाच लागत नाही. म्हणून यादी करताना मी टँकरमध्ये दोन हातांत दोन मोबाइल धरून बसायचो, पडद्यावरच्या रेंजच्या काड्या मोजायचो आणि संध्याकाळी घरी सुमनला सांगायचो. ती लिहायची. ती मॅट्रिक झालेली होती आणि हे दर भांडणात सांगायची. सीकर रोडच्या खेपेला तर ती स्वतःच आली. टँकरच्या केबिनमध्ये, मांडीवर वही, पायाशी डबा. ड्रायव्हर म्हणाला, "भाभीजी, आप भी ड्यूटी पे?" ती म्हणाली, "ह्यांच्यावर भरोसा नाही भैया, सात आणि एक सारखंच काढतात."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बनी पार्कला मॅडमच्या ऑफिसात गेलो. पिशवीतून काढून बंदच त्यांच्यासमोर सरकवली. म्हटलं, तुम्हीच वाचा.

मॅडमना मराठी येत नाही. पण अक्षर तर हिंदीचंच. त्या अडखळत, हिंदीच्या सुरात वाचायला लागल्या. किलोमीटर इतके, पहिलं सिम तीन काड्या, दुसरं एक काडी. रींगस फाटक, दोन्ही नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. सुमनची वाक्यं त्यांच्या तोंडून वेगळीच ऐकू येत होती.

मग त्या थांबल्या.

"अंकल, ये क्या है?" त्यांनी पुढे वाचलं, "चौमू मंडी. सकाळी चार काड्यांचे सिम घेऊ नये. एका काडीचे घ्यावे. चार काडीवाल्याला गर्दी असते, मेसेज जात नाही. हे म्हणतात लिहू नको, एवढं तर कोणालाही कळतं. मी लिहून ठेवते."

मी वळून बघितलं. तिने हे लिहिलं होतं ते मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मंडीत गाडी अडकली होती. मी तिला म्हणालो होतो, पुढचं लिही, हे सोड. ती मान हलवून पुढचं लिहायला लागली होती. निदान मला तसं वाटलं होतं.

"'हे' कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"आणि याचा मतलब?"

मी सांगितलं. मंडीत सकाळी दोन-चारशे आडते, शेतकरी, ड्रायव्हर एका जागी. तिथे ज्या कंपनीचा टॉवर जोराचा, तिचंच सिम बहुतेकांकडे, आणि सगळे त्याच टॉवरला चिकटतात. काड्या चार दिसतात, पण टॉवरला श्वास घ्यायला जागा नसते. लांबचा, एका काडीचा टॉवर मोकळा बसलेला असतो. त्याच्यावर मेसेज पटकन जातो. मेळ्याची स्पेशल गाडी फलाटात आली की हेच व्हायचं, रेल्वेत असतानाच बघितलं होतं. म्हणून आमची पेटी यादीतल्या गर्दीच्या जागी गाडी उभी राहिली की मुद्दाम हलकं सिम घेते.

मॅडमनी वही मिटली नाही. अर्जाची फाइल ओढली. पानं उलटायला लागल्या. सावकाश, मग भराभर. मग खंडेलवालजींना फोन करून बोलावलं. ते स्कूटरवरून आले, घाम पुसत.

"हलकं सिम घेण्याची गोष्ट पेटीत आहे?"

"है ना. पहले दिन से."

"अर्जात का नाही?"

खंडेलवालजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

"मॅडम," ते म्हणाले, "वो तो... मतलब, वो तो सबको पता है ना?"

"कोणाला पता आहे?" मॅडमचा आवाज चढला. इतक्या शांत बाईला मी चिडलेलं बघितलं नव्हतं. "हे दोन परदेशी कागद बघा. दोन्हीत लिहिलंय, जोराचं असेल ते घ्या. एक्झॅमिनरला हेच उघड वाटतं. जगातल्या सगळ्या इंजिनियरना हेच उघड वाटतं. तुम्ही उलटं करताय, ते चालतंय, आणि तेच मला सांगितलं नाही! तुम्ही मला यादी सांगितली. यादी कोणीही करेल!"

मी दोन वर्षं ज्याचा अभिमान धरला होता ते उघड निघालं. आणि ज्याला मी उघड म्हणून टाकून दिलं होतं तोच शोध होता.

"मग आता घालू," मी म्हटलं. "एक पान वाढवू."

"नाही चालत. अर्ज भरला त्या दिवशी जे कागदावर नव्हतं ते नंतर घालता येत नाही. नाहीतर कोणीही अर्ज भरेल आणि मागाहून सुचेल ते कोंबेल."

"वही तर आधीची आहे. तारीख आहे."

"वही तुमच्या घरात होती, अंकल. अर्जात नव्हती."

"नवीन अर्ज?" खंडेलवालजींनी विचारलं.

मॅडम जरा सावरल्या. म्हणाल्या, होऊ शकतं, पण ही गोष्ट आधी बाहेर छापलेली, सांगितलेली नको. कुठे छापली नाही ना?

बॅगेतून खंडेलवालजींनी पेटीबरोबर द्यायचं पत्रक काढलं. हिरव्या अक्षरात छापलेलं. दीड वर्षापासून ते प्रत्येक टँकरमालकाला जात होतं. त्यात एक चौकट होती. भीड़ वाली जगह पर हमारा बॉक्स कमज़ोर सिग्नल वाला सिम पकड़ता है, घबराएँ नहीं, खराबी नहीं है।

म्हणजे सुमनने लिहिलं होतं. खंडेलवालजींनी छापलं होतं. फक्त मी जिथे सांगायला हवं होतं तिथेच ते नव्हतं.

मॅडमनी पत्रक वाचलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला. "एवढं स्पष्ट तर वकीलसुद्धा लिहीत नाही," त्या म्हणाल्या.

तरी सुनावणीला आम्ही दिल्लीला गेलो. सकाळची गाडी पकडून तिघं. सुनावणी घेणारा पेटंट ऑफिसचा साहेब तरुण होता, अदबीने बोलणारा. मॅडम यादीवर अर्धा तास भांडल्या. कागद जोडायला कारण काय, दोन वेगळ्या देशांतले, वेगळ्या कामाचे. साहेब मान हलवत टिपून घेत होता. शेवटी त्याने मला थेट विचारलं, "अंकल जी, तुमची पेटी नेहमी जोराचंच सिम घेते का?"

मॅडमनी माझ्या पायाला पाय लावला. बोलायची खूण होती की गप्प बसायची, मला अजून कळलेलं नाही. मी खरं ते सांगितलं. मंडी, फलाट, चार काड्या, एक काडी, सगळं.

साहेबाचं पेन थांबलं. "हे उघड नाही," तो म्हणाला. "मला तरी सुचलं नसतं. हे अर्जात कुठल्या पानावर आहे?"

"नाही."

मग त्याने लिहायला घेतलेली ओळ खोडली. "तर मग मी हे ऐकलं नाही, अंकल जी. मला ऐकता येत नाही."

बाहेर जिन्यात खंडेलवालजी मला म्हणाले, "आप झूठ बोल देते." मी म्हटलं, कुठलं खोटं? खोटं बोलूनही काही होणार नव्हतं.

दोन महिन्यांनी हुकूम आला. अर्ज नामंजूर. यादी उघड आहे, इतकंच. गुडगावच्या कंपनीने स्वतःची पेटी केली. आमची यादी त्यांनी वापरली, त्यांना कोण अडवणार? हलक्या सिमची गोष्ट मात्र त्यांनी घेतली नाही. पत्रक त्यांच्या इंजिनियरांनी वाचलं होतं म्हणे, आणि त्यांना वाटलं, छपाईची चूक असेल. पुढे वर्षभर त्यांचे टँकर मंडीत गायब होत राहिले. मला त्याचा आनंद झाला असं लोकांना वाटतं. नाही झाला. मी हुकूम ट्रंकेत ठेवला. पहिल्या पानावर शोध लावणारा म्हणून माझं नाव आहे. नाव बरोबर छापलंय.

ह्यातून मी शिकलो ते एवढंच. स्वतःच्या कामाची माणसाला पारख नसते. हात जे रोज करतात ते त्याला काम वाटतच नाही. म्हणून पेटंटच्या वकिलाकडे एकट्याने जाऊ नये. शेजारी कोणीतरी बसवावं, आपल्या धंद्यातलं काही न येणारं, आणि आपण गप्प करू पाहिलं तरी गप्प न बसणारं. माझ्याकडे तसं माणूस होतं. मी तिला टँकरमध्ये नेलं, वकिलाकडे नेलं नाही.