देवांचं आवतन कोणी खाल्लं

आत्याच्या धवल्यातलं देवांचं आवतन कोणीतरी खाल्लं होतं, आणि ते कोणी खाल्लं हे शोधल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. माझे यजमान म्हणतात, ही पोलिसात जायची ती चुकून शाळेत मास्तरीण झाली. म्हणोत बापडे. दुधात पाणी आहे हे या घरात नेहमी मलाच आधी कळतं.

माझी आत्या मुरबाडकडच्या एका खेड्यात राहते आणि ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात भटजी येतात, मंगलाष्टकं होतात, सगळं रीतसर होतं. पण हळदीपासून पुढच्या प्रत्येक विधीला धवला, म्हणजे त्या त्या विधीचं गाणं, म्हणावं लागतं, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने सुरुवात केल्याशिवाय हळदीच्या वाटीला कोणी बोट लावत नाही. आत्याने आजवर किती मांडवांत धवला म्हटला असेल, ते तिलाही सांगता यायचं नाही. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, जीभ मात्र जड राहिली.

त्या दुखण्याच्या आधी माझ्या भाचीने, म्हणजे भावाच्या मुलीने, आत्याच्या पडवीत बसून तिचा सगळा धवला स्वतःच्या फोनवर उतरवून घेतला होता. मी तिथेच वाल सोलत बसले होते. यंदा त्या भाचीचंच लग्न ठरलं. पोरगी कल्याणला नोकरीला जाते, निम्मं बोलणं इंग्रजीत, पण या बाबतीत अडून बसली. "आजीचा धवला लागल्याबिगर मी हळदीला बसणार नाय," ती म्हणाली. "डीजेला टाइम नंतर द्या." आत्या तिची आजी लागते. तिने ती फाइल पेनड्राइव्हवर घालून माझ्या हातात दिली, कारण आमच्या गोतावळ्यात लॅपटॉप वापरणारी मी.

पेनड्राइव्ह लावला तर लॅपटॉप म्हणाला, ही फाइल मला उघडता येत नाही. भाचीचा फोन महागातला, आणि त्या फोनची फाइल त्याच्याच जातीच्या यंत्रात उघडते, हे मला तिथे कळलं. सोयरीक जमवतानाही लोक इतकं बघत नाहीत. शाळेतल्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली तर चित्र दिसलं, आवाज नाही. आत्या तोंड उघडतेय, मिटतेय, हात हलवतेय, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज. यजमानांच्या फोनवर उलटं झालं. आवाज आला आणि पडदा काळा.

मग कोणीतरी सांगितलं, एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते सगळं उघडतं. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. ते घरात एकटं आलं नाही, आणखी दोघांना घेऊन आलं, आणि त्यातलं एक मला रोज सकाळी विचारायला लागलं की तुमचा माइक वापरू का. आत्याचं गाणं ऐकवायला तुला माझा माइक कशाला हवा, हे मी त्याला विचारणार तरी कुठे? दुसऱ्याने फाइल बदलून दिली खरी, पण आत्याच्या कपाळावर आडवी इंग्रजी पट्टी मारून. शिवाय दर थोड्या वेळाने धवल्याच्या मधे एक परका पुरुष बोलायचा, की पूर्ण आवृत्ती विकत घ्या. हळदीच्या मांडवात हा बाबा बोलला असता तर आमच्या बायकांनी लॅपटॉप विहिरीत टाकला असता.

शेवटी मी शहापूरच्या बाजारातल्या एका स्टुडिओत गेले. तिथला माणूस लग्नांचं शूटिंग करतो. त्याने फाइल घेतली, उद्या या म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खरंच चित्र आणि आवाज दोन्ही असलेली फाइल दिली. इतक्या सहज काम झालं की मला आणखी संशय आला. "मी इथे बसून पूर्ण ऐकणार," मी म्हणाले. त्याने मोठे हेडफोन दिले आणि स्टूल पुढे केलं.

आणि तिथेच मला ते सापडलं. धवल्याच्या सुरुवातीला देवांना आवतन असतं. एकेका देवाचं नाव घेऊन आत्या त्याला मांडवी ये म्हणते, तेव्हा पुढचं सगळं सुरू होतं. लहानपणापासून मी ते ऐकलंय. या फाइलमध्ये आत्या मांडवाच्या डहाळ्यांवरून थेट हळद दळण्यावर गेली होती. मधे देव नव्हतेच.

"तुमी मधला तुकडा उडवलात," मी त्याला म्हणाले.

"मॅडम, मी कशाला उडवू?"

"फाइल जड होते म्हणून. किंवा तुमच्या सॉफ्टवेअरने खाल्लं असेल."

त्याने मूळ फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी लावून दाखवल्या. दोन्हींची लांबी सारखी होती. गिऱ्हाईक बाई आहे आणि मास्तरीण आहे म्हणून त्याने आवाज चढवला नाही, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. मला त्याचं काही वाटलं नाही. मूळ फाइलमध्येच नसेल, तर चोरी त्याच्या आधी झालेली होती, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मग मी भाचीला धरलं. तिचा फोन जागा कमी पडली की स्वतःहून वस्तू कुठेतरी वर पाठवतो, आणि तिथून त्या खाली येताना काय काय गळतं कोण बघतंय? "आत्या, गाणं असं मधूनच थोडं गायब होतं का गो," ती वैतागून मला, म्हणजे तिच्या आत्याला, म्हणाली. "गेलं तर सगळं जातं."

"तू कापलंस का? लांबलं म्हणून?"

यावर ती रडवेली झाली. आठवड्यावर हळद आलेल्या मुलीला मी रडवलं, पण संशय काही जाईना.

शेवटी लॅपटॉप पिशवीत घातला आणि किन्हवलीवरून जाणारी मुरबाडची एसटी पकडली. आत्या पडवीत खाटेवर बसली होती. तिच्यासमोर लॅपटॉप ठेवून मी फाइल सुरू केली. स्वतःचा जुना, खणखणीत आवाज ऐकताना तिचा चेहरा कसा झाला ते मला बघवेना, म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले. जिथे देव गळाले होते ती जागा आली तसं मी थांबवलं. "इथले देव कुठे गेले गो आत्या? कोणी खाल्ले?"

आत्याने मान हलवली. मग एकेक शब्द ओढून काढावा तशी बोलली. "म्या... नाय म्हटला."

"का?"

"मांडव... कुठं व्हता?"

मला उलगडायला वेळ लागला. मांडव नसताना देवांना बोलावलं तर ते येणार, आणि आल्यावर त्यांना बसवायचं कुठे? पडवीत, माझ्या वालाच्या सालींत? म्हणून तिने त्या दिवशी तेवढा भाग ओलांडला होता. फोनने जे ऐकलं ते इमानेइतबारे ठेवलं होतं. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मला पत्ताही लागला नव्हता.

परतीच्या एसटीत मात्र मला आत्याचाच संशय आला. आवतन ती तेव्हाच विसरली असेल आणि आता मांडवाचं कारण सांगून झाकून नेत असेल तर? असं मनात आल्याची मला लाज वाटली, तरी ते आलं.

हळदीच्या दिवशी शहापूरकडच्या आमच्या गावात मांडव घातला, डहाळे आले. डीजेवाल्याची वायर माझ्या लॅपटॉपला बसेना, ती आणायला एक जण आटगावला पळाला, आणि तोवर भाची पाटावर तशीच बसून राहिली. आत्याला शाल घालून खुर्चीवर बसवलं होतं. स्टुडिओवाला कॅमेरा लावून उभा होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. वायर आली, धवला सुरू झाला, बायका गप्प झाल्या. ती जागा आली आणि मी फाइल थांबवून आत्याकडे बघितलं. आता मांडव होता, देवांना तिनेच बोलवायचं होतं.

तिने डोळे मिटले. गावदेवीचं नाव निघालं. पुढचं अर्धवट निघालं. मग ओठ हलत राहिले आणि काहीच येईना. मांडवात फक्त जनरेटर घरघरत होता. भाचीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं.

तेव्हा खर्डीकडची एक बाई म्हणाली, "आमचा वाघोबा घे गो बाय." आत्याने मान हलवली आणि सुरात तेवढंच म्हटलं, मांडवी ये. तेवढं तिला जमत होतं. मग दुसरीने आपल्या गावचा म्हसोबा दिला, तिसरीने डोंगरावरची देवी दिली. जिच्या तिच्या गावचा देव येत गेला आणि आत्या प्रत्येकाला मांडवी ये म्हणत गेली.

सगळ्यांचे देव संपले, तरी आत्याने बोट वर केलं. एक राहिला होता. तिला धवला शिकवणाऱ्या बाईचा देव, तो ती नेहमी शेवटी घ्यायची. इतकी वर्षं ऐकून आमच्यातल्या एकीलाही त्याचं नाव आठवेना. मी तिच्या तोंडाशी कान नेला. ती बोलली. पुन्हा बोलायला लावलं. मग मला जे ऐकू आलं ते मी मोठ्याने मांडवात म्हटलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि भाचीला हळद लागली.

लग्नानंतर स्टुडिओतून फाइल आली तेव्हा मी आधी तीच जागा काढून बघितली. आत्याचं बोलणं जनरेटरखाली दबून गेलंय. ऐकू येतो तो फक्त माझा आवाज, वर्गात हजेरी घेतल्यासारखा. पुढच्या लग्नांत बायका तेच नाव घेणार, आणि ते बरोबर आहे की नाही हे एकट्या आत्याला ठाऊक आहे. मी मुरबाडला जाते तेव्हा ते नाव घेऊन विचारते, हेच ना गो? ती मान हलवते.

परवा मी मुद्दाम भलतंच नाव घेऊन विचारलं. तेव्हाही तिने मान हलवली.