भगवान घरतचा नारळ

पनवेलजवळच्या ओवे गावच्या भगवान घरतने बारा वर्षं पनवेल ते कर्नाळा रिक्षा चालवली. गोवा हायवेवर, ट्रकांच्या चाकांना चाक लावून. बारा वर्षांत त्याच्या रिक्षाला कुणाचा धक्का लागला नाही. तिचा कुणाला लागला नाही.

तरी १९९१ च्या मार्चमध्ये त्याच्यावर दंड बसायची वेळ आली.

रिक्षांचा विमा होता, पण कायद्यापुरता. समोरच्याला लागलं तर कंपनी भरपाई द्यायची. स्वतःचा पत्रा चेपला, स्वतःचा हात मोडला, तर काही नाही. म्हणून एसटी स्टँडबाहेरच्या एकेचाळीस रिक्षावाल्यांनी आपसात फंड काढला होता. महिन्याला प्रत्येकी साठ रुपये. ज्याला अपघात होईल त्याचा खर्च त्यातून. पुढे फंड आटत चालला. तेव्हा स्टँडचा अध्यक्ष धर्मराज याने ठरवलं : गावात फिरणाऱ्यांनी साठच द्यावेत, हायवेवाल्यांनी एकशेऐंशी. हायवेवर धोका जास्त.

हायवेवाले होते नऊ. गाववाले बत्तीस.

"तिप्पट देयाचे असतील तर रिक्षा विका तुमी," रंभा म्हणाली. "तळोज्याला कारखान्यात वॉचमन घेतात."

भगवानने बायकोला शब्द दिला. धर्मराजच्या दराविरुद्ध आपण मांडणार तो ठराव पडला तर सोमवारपासून वॉचमन. शब्द दिला खरा, पण गेटवर काठी घेऊन बसलेला भगवान घरत काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहीना.

ठराव त्याला सुचला तो मारुतीसमोर. स्टँडवर पिंपळाखाली एक छोटा मारुती होता. शनिवारी त्याला तेल आणि रुईची माळ. नारळ मात्र फक्त अपघाताचा. ज्याची रिक्षा ठोकली गेली, त्याने दुसऱ्या दिवशी इथे नारळ फोडायचा, मगच गाडी बाहेर काढायची. नारळ न फोडता हँडल ओढायची कुणाची छाती नव्हती. नारळ विकायची शेजारी बसणारी वेणूबाई. कुणी कधी नारळ नेला, तिला तोंडपाठ.

रस्ता कशाला बघायचा? माणूस बघा! भगवान ताडकन उठला. तीन वर्षांत ज्याने नारळ फोडला नाही त्याला साठ. ज्याने फोडला त्याला एकशेवीस. मग तो हायवेवर फिरो नाहीतर भाजी मार्केटात.

स्टँड पेटलं. आठ दिवस दुसरा विषय नाही. मत गुपचूप द्यायचं ठरलं. प्रत्येकाला एक चिंचोका आणि एक खडा. भगवानचा ठराव हवा त्याने चिंचोका टाकायचा, धर्मराजचा दर हवा त्याने खडा. तेलाच्या रिकाम्या डब्यावर फडकं बांधलं, फडक्याला भोक पाडलं.

रविवारी सकाळी दहाला सगळे पिंपळाखाली जमले. आधी वेणूबाईने यादी सांगायची होती.

"महादेव, एकपन नाय. कमलाकर, एक. रामू, दोन."

"दोन? वेणूबाय, एक कमी कर की!"

"मंग तवा गाय बघून चालवायची होती!"

हशा पिकला. धर्मराजचे तीन निघाले तेव्हा शिट्ट्या पडल्या. गावात फिरणाऱ्यांपैकी निम्म्यांचा एकही नारळ नव्हता. ते एकमेकांकडे बघू लागले.

"आणि भगवानशेठचा?" धर्मराजने विचारलं.

वेणूबाई हळूच म्हणाली, "एक. गेल्या वर्षीच्या पौषात."

गलका झाला. "अरे, हा तर आमच्यातलाच!"

भगवानला आत्ता आठवलं. तो नारळ! त्या सकाळी कर्नाळ्याच्या खालच्या वाडीतली एक बाई त्याच्या रिक्षात होती. दिवस भरलेले, कळा सुरू झालेल्या. सोबत म्हातारी सासू. तो मनात म्हणाला होता, मारुतीराया, दवाखाना गाठू दे, नारळ देईन. गाठला. मुलगी झाली. आनंदाच्या भरात स्टँडची रीत विसरून त्याने इथे नारळ फोडला होता.

"तो अपघाताचा नव्हता," तो म्हणाला. "नवसाचा..."

"माझा दुसरा बी नवसाचाच!" रामू उठलाच.

"माझाबी!" मागून कुणीतरी ओरडलं. "बायकोच्या तापाचा!"

धर्मराज मिशीत हसला. भगवानला दिसलं, एका क्षणात एकूण एक नारळ नवसाचे होणार होते. मग वेणूबाईच्या यादीला अर्थ नाही. यादी गेली की ठराव गेला. ती सासू अजून वाडीत होती. तिला साक्षीला आणता आलं असतं. पण बाकीच्यांच्या सासवा कोण तपासणार?

"थांबा!" तो ओरडला. "माझा धरा. या मारुतीसमोर नारळ फुटला म्हणजे अपघात. माझाबी, सगळ्यांचाबी. वेणूबाय, एक धर."

रामू खाली बसला.

मग एकेक जण मूठ आवळून डब्याकडे गेला. शेवटी महादेवने डबा चटईवर उपडा केला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. खडा. खडा. चिंचोका. खडा. भगवानने पिंपळाचा पार घट्ट धरला. चौदा-चौदा झाले. अठरा-अठरा झाले. आता पाच उरले होते. चिंचोका. चिंचोका. चिंचोका!

"एकवीस!" कमलाकर किंचाळला. पुढचे दोन कुणी ऐकलेच नाहीत. ते दोन्हीही चिंचोकेच होते. आठ हायवेवाल्यांनी भगवानला उचललं आणि तो हवेतूनच ओरडत होता, "अरे, पाडाल! मग अजून एक नारळ लागेल!"

धर्मराज जवळ आला. चेहरा पडलेला, पण तोंड शाबूत. "ठराव तुझा, आणि एकशेवीस तूही भरणार. मीही तेवढेच. माझ्याच दरात आलास की रे."

"दोनच वर्षं. मग मी साठात."

"दोन वर्षं? हायवेवर? एक ओरखडा न येता?"

"बारा झालीत," भगवान म्हणाला. तो रिक्षात बसला. रंभाला ओव्याला जाऊन सांगायचं होतं, पण कर्नाळ्याचं गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याने हँडल खेचलं आणि गळा फाडून आरोळी ठोकली, "पळस्पे! कर्नाळा! चला, चला!"