हे तळं कुणी खंदलं?

पंधरा दिवसांखाली मी बर्फाच्या डोंगरात एका तळ्याच्या काठावर बसले होते... आणि आज वालूरला आमच्या ओट्यावर. खुशी पोटात मावंना म्हणून लिहायलेय. शाळा माझी चौथीपर्यंतच, त्यामुळं मी मोबाईलला बोलते आणि तो लिहितो. काही चुकलं तर त्याला बोला, मला न्हाई.

माझी लेक संगीता ऑस्ट्रियात नर्स आहे, जावई पण तिकडंच. त्यांची पोरगी जुई आठ वर्षांची, जन्मच तिकडचा... तिला भेटायला म्हणून मी महिनाभर गेले होते. फोनवर नुसतं तोंड बघून किती दिवस काढायचे?

पण विमानतळावरच फजिती झाली. पोरगी दिसली तशी मी तिच्या तोंडावरून हात फिरवून माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आपल्याकडची लेकरं लाजून हसतात. ही भ्याली! तिला वाटलं, आजीनं रागानं हाडंच मोडून घेतली... आईच्या मागं लपली ती लपलीच.

तिथून पुढं तीन आठवडे माझ्याशी "हो" आणि "नाही" एवढंच. धपाटे केले, खाल्ले न्हाईत. वेणी घालते म्हणलं, पळाली. वापस यायला पाचच दिवस राहिले होते आणि माझ्या मनात एकच... ही पोरगी मला एकदा तोंडभरून आजी म्हणल्याबिगर मी विमानात बसू कशी?

त्या रविवारी जावई म्हणाले, "मामी, चला, तुमाला डोंगरातली तळी दाखवतो." मोठं राखीव रान आहे ते, त्यात एकाच्या वर एक अशी तीन तळी. आधी तारेवरच्या पाळण्यातून वर नेतात, मग चालायचं. लुगड्याखाली लोकरीची विजार, पायात संगीताचे बूट... माझा अवतार बघून एक गोरी म्हातारी हसली, मी पण हसले. तिच्याकडं दोन काठ्या होत्या, त्यातली एक मला देऊ केली. भली बाई.

पहिलं तळं हिरवं, दुसरं निळं. पाणी असलं नितळ की तळाचे दगड मोजून घ्यावेत. तिसरं बघितलं आणि मी काठावरच बसले... तिन्ही अंगाला उभे कडे, कड्यावर बर्फ, मधी ते पाणी. त्याच्यावर एक सुरकुती न्हाई.

आता आपल्याकडं तळं म्हणलं की ते कुणीतरी खंदलेलं असतंय. आमच्या शिवारातलं तळं मोठ्या दुष्काळात खंदलं, तवा शाळा सोडून मी तिथं माती वाहिलीय. डोक्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर टोपलं, तळ्याच्या भिंतीवर नेऊन रिकामं करायचं. दुपारी सरकारची सुकडी खायला मिळायची... लय गोड लागायची.

म्हणून मी आपलं सहज विचारलं, "हे कुणी खंदलं गं? एवढ्या वर माती कुणी वाहिली? भिंत कुठाय ह्याची?"

संगीता हसायलाच लागली. "अगं माय, हे आपोआप झालेलं हाय. हितं काय रोजगार हमी हाय का?" जावई तर पुढचे, "मामी, मुकादमाचं नाव इचारून सांगू का?" मी पण हसले, पण लाजल्यागत झालं. जुई तेवढी हसली न्हाई. तिचं मराठी मोडकंतोडकं, 'खंदलं' हा शब्दच माहीत नव्हता, तो आईला विचारून घेतला.

जवळच हिरव्या ड्रेसातली एक बाई उभी होती, त्या रानाची राखण करणारी. जुई सरळ तिच्याकडं गेली आणि त्यांच्या भाषेत कायतरी विचारलं. ती बाई पण हसली न्हाई... खाली बसली, खडकावर मूठ घासून दाखवली, मग तळ्याच्या तोंडाशी दगडमातीचा लांबच लांब ढीग होता, तिकडं बोट केलं.

पोरगी पळत आली ती थेट माझ्यापुढं. "आजी! आजी, बर्फ खंदला!"

हळूहळू उलगडलं ते असं... लय लय वर्षांमागं तिथं डोंगराएवढा बर्फ होता आणि तो मुंगीच्या चालीनं खाली सरकायचा. सरकता सरकता त्यानं जमीन खरवडली, दगडमाती पुढं ढकलत नेली आणि त्या ढिगावर टाकली. बर्फ गेला, खड्ड्यात पाणी राहिलं. म्हणजे खंदलं होतंच की! माती वाहिली होतीच, भिंत पण होतीच! मी जावईबापूंना म्हणलं, "घ्या, भेटला तुमचा मुकादम."

मग जुई मला खेटून बसली. "आजी, तुझा तळं पण बर्फ खंदला?"

"न्हाई गं बाई, आमचं आमीच."

तिला खरं वाटंना. मी स्कार्फची चुंबळ वळली, तिच्या डोक्यावर ठेवली, वर तिची छोटी बॅग. हात न लावता चाल म्हणलं. चार पावलांत बॅग पडली, परत ठेवली, परत पडली... पाळण्यापर्यंत तेच. तिचं हसू त्या कड्यांवर आपटून वापस यायचं.

निघायच्या दिवशी म्हणाली, "आजी, तुझा तळं मला बघायचा." म्हणलं, उन्हाळ्यात येऊ नको, तवा नुसत्या भेगा असतात. दिवाळीला ये, काठोकाठ असतंय. तर आईला दिवाळी कधी ते विचारून बोटांवर महिने मोजायला लागली.

काल सकाळी मुद्दाम तळ्यावर जाऊन आले. एवढ्या वर्षांत त्या भिंतीवर मी कधी निवांत बसलेच नव्हते... पाणी यायलंय हळूहळू. वेड्या बाभळी मातर लय माजल्यात, वाटंवरच्या तेवढ्या तोडायला सांगितल्या. लेकराच्या पायात काटा जायला नको.